सातचं स्पष्टीकरण

आमच्याकडे अकरा नाही.
नऊ नाही, आठही नाही.
बारावरून पाय घसरला की माणूस थेट दहावर,
दहावरून सातवर, सातवरून चारवर;
मधल्या पायऱ्या कुणी बांधल्याच नाहीत.
अगदी तळाशी उणे तीन.
तो मी एकोणीस वर्षांत एकदाच दिला,
त्या मुलाची आता स्वतःची बोट आहे.

तुमच्या अर्जात विचारलंय, गुण किती, पैकी किती.
रान्वानं लिहिलं: सात, पैकी बारा.
यंत्रानं तिथल्या तिथं भागाकार करून दाखवला,
अठ्ठावन्न टक्के.
तिनं लॅपटॉप माझ्याकडे वळवला,
बोलली काही नाही.

महोदय, किंवा महोदया, जे कुणी वाचत असाल ते,
सात म्हणजे आमच्याकडे बरं.
सात घेऊन मुलगी घरी गेली
तर बाप एवढंच विचारतो,
मासा उकडलेला चालेल ना?

आडनावाच्या रकान्यात तिनं हानुसार्दोत्तिर लिहिलंय.
ते आडनाव नव्हे. हानुसची मुलगी, इतकंच.
उद्या तिच्या भावाचा अर्ज आला
आणि त्याच्यावर वेगळंच काही दिसलं, तर दचकू नका.
वर्गात कितवी, हे आम्ही मोजत नाही.
खिडकीकडून तिसरी.

आणि ते सहाशे शब्द, सोसलेल्या संकटाबद्दलचे.
आठवडाभर तिनं कागद कोरा ठेवला,
मग मला विचारलं, वारा चालेल का?

ती क्वान्नासुंदहून येते, बसनं,
दोन जुन्या बोगद्यांतून.
एकच गाडी जाईल एवढी वाट, आत दिवा नाही.
समोरून उजेड दिसला
की ज्याच्या बाजूला कोनाडे असतील
त्यानं आत सरकून थांबायचं.
या पत्रव्यवहारात कोनाडे आमच्या बाजूला आहेत,
हे मला कळतं. त्याबद्दल तक्रार नाही.

आता सातबद्दल.

जूनमधली तोंडी परीक्षा.
तिनं चिठ्ठी उचलली, माझीच सिद्धता निघाली,
मी दरवर्षी शिकवतो ती.
दोन ओळी सरळ लिहिल्या.
तिसरीवर थांबली, खडू खाली ठेवला.
इथं एक पायरी नाहीये, म्हणाली.
बाहेरून आलेले परीक्षक घड्याळाकडे बघायला लागले.
चार मिनिटं. मी मोजली.
पुढं जा, मी म्हणालो. ती गेली नाही.
आम्ही दोघांनी बाहेर कॉफी घेतली आणि सातवर एकमत केलं.

फेब्रुवारीत वादळानं तीन दिवस शाळा बंद होती.
करायला काही नव्हतं म्हणून
तिसरी ओळ पुन्हा काढली.
पायरी नाहीये.
एकोणीस वर्षं मी त्या फटीवरून उडी मारून जात होतो,
आणि माझ्यामागून वर्गचे वर्ग.

आमच्याकडे दोनच्या आधी शून्य लिहितात,
कुणी पुढं एक ठोकून त्याचे बारा करू नये म्हणून.
सातला मात्र असा पहारा नाही.
सतरा कुठंच नाहीत,
मोह व्हावा असं त्याच्या अलीकडे काही नाही.
ते जसे दिले तसेच राहतात.

स्पष्टीकरणाच्या चौकटीत अडीचशे अक्षरं मावतात.
वरचं त्यातलं काहीच मावलं नाही.
मी लिहिलं:
हे गुण मी दिले.
बेरीज करताना हातचा माझ्याकडेच राहिला.

रान्वानं वाचलं,
माझा एक स्वल्पविराम काढला,
बटण दाबलं,
आणि टोपी उचलून पळाली.
पावणेचारची बस चुकली
तर मग थेट सहाची.
मधली नाही.